मैत्रिणीच्या मुलीच्या कार सीटचे पट्टे सैल असतात, तिला कसं सांगू?

काजवा

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून टाकते, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझी एक मैत्रीण आहे, गरोदरपणातल्या व्यायामाच्या वर्गात ओळख झाली, आमची बाळं तीन आठवड्यांच्या अंतराने झाली, आता चौदा-पंधरा महिन्यांची आहेत. रात्री तीन वाजता "तुझं झोपलं का गं" असा मेसेज मी जगात एकाच माणसाला केलाय, ती ही. गेल्या आठवड्यात आम्ही तिच्या गाडीतून गेलो, मी मागे दोन्ही मुलांच्या मध्ये बसले होते. तिच्या मुलीचे पट्टे इतके सैल की माझी अख्खी मूठ आत गेली असती, एक पट्टा तर खांद्यावरून घसरून दंडावर आलेला, अंगात जाड फुगीर जॅकेट, आणि सीट पहिल्या वाढदिवसानंतर लगेच समोर तोंड करून फिरवलेली, कारण काय तर मागे तोंड असताना पाय दुमडले जातात, तिला त्रास होत असेल.

मी काय केलं? हळूच तो पट्टा खांद्यावर सरकवला आणि गप्प बसले. पाच मिनिटांत तो परत खाली आला. संपूर्ण रस्ताभर मी त्या पट्ट्याकडे बघत होते आणि तोंडातून एक शब्द निघाला नाही.

न निघण्याला कारण आहे. सहाएक महिन्यांपूर्वी आमच्या आयांच्या ग्रुपवर एकीने बाळाचा फोटो टाकला होता, सीटमध्ये गाढ झोपलेलं, आणि दोन्ही पट्टे छातीवर जोडणारी क्लिप पार पोटावर आलेली. मी खाली लगेच लिहिलं, "क्लिप काखेच्या रेषेत हवी, हे धोक्याचं आहे." तिने अर्ध्या तासात फोटो काढून टाकला आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. आता मी जे लिहिलं ते बरोबरच होतं, पण त्या बाळाची क्लिप पुढे वर गेली की नाही हे मला आजपर्यंत माहीत नाही, मग माझ्या बरोबर असण्याचा त्या बाळाला काय उपयोग झाला असं सारखं वाटतं.

ही मैत्रीण मला गमवायची नाहीये. पण तिची मुलगी तशी बसते हे माहीत असून मला झोपही येत नाही. तुम्ही कोणी असं कोणाला सांगितलंय का, काय शब्द वापरले, कुठून सुरुवात केली? आणि तीन-तीन गोष्टी चुकीच्या दिसत असतील तर सगळ्या एकदम सांगायच्या की एकेक?

मुक्ता९

काजवा, सांगच. आणि फोनवर किंवा समोर सांग, लिहून नको. लिहिलेलं माणूस परत परत वाचतं आणि दर वेळी ते जास्त टोचतं. फोटोखाली तर कधीच नको, तिथे सगळ्यांच्या देखत तिला एकतर माफी मागावी लागते नाहीतर भांडावं लागतं, तिसरा रस्ताच नाही.

मी माझ्या जावेला सांगितलं होतं. थोरल्या जाऊबाई आहेत, मला त्यांच्याशी असं बोलायची सवय नाही, दोन दिवस मनात वाक्यं जुळवत होते. शेवटी म्हटलं, "ताई, मी आमच्या सीटचं मॅन्युअल वाचत होते आणि मला कळलं की मी चार महिने पट्टे सैल बांधत होते, तुमचे बघू का एकदा?" हे खरंच होतं हां, मी चार महिने सैलच बांधत होते. खोटं असेल तर म्हणू नकोस, लोकांना कळतं. त्या म्हणाल्या बघ की. झालं.

आणि एकदम तीन गोष्टी नको. आधी पट्टे घट्ट करणं, कारण त्याला काही लागत नाही, नवीन वस्तू नको, नवऱ्याशी चर्चा नको, दहा सेकंदांचं काम आहे. पट्टे खांद्याच्या वरच्या खाचेतून यायला हवेत आणि गळ्याजवळच्या हाडाशी चिमटीत धरता येऊ नयेत एवढंच सांग. जॅकेट त्यातच आलं, कारण जॅकेट काढल्याशिवाय पट्टे नीट बसतच नाहीत. तोंड कुठल्या दिशेला हा विषय मोठा आहे, त्यात घरातल्या सगळ्यांची मतं असतात, तो दुसऱ्या दिवशी.

शांतपाणी

मी या बोलण्याच्या दुसऱ्या टोकाला होते, म्हणून लिहिते.

माझा मुलगा पाच महिन्यांचा होता. गाडी लावून मी त्याला उतरवत होते, शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच खाली केली आणि म्हणाल्या, "अहो असं कसं बांधता तुम्ही बाळाला, काही झालं म्हणजे?" माझ्या सासूबाई बरोबर होत्या. पाच महिने मी नीट झोपले नव्हते, त्या दिवशी घरातून तयार होऊन बाहेर पडणं हेच मला डोंगर चढल्यासारखं झालं होतं, आणि या बाई मला सासूबाईंसमोर सांगतायत की मी माझ्या मुलाच्या जिवावर उठलेय. मी त्यांना काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण घरी येऊन रडले ते आठवतं. आणि जे सांगायला मला आजही जड जातं ते हे की मी पुढचे तीन आठवडे काही बदललं नाही. मुद्दाम नाही, पण ती सीट बघितली की त्या बाईंचा आवाज ऐकू यायचा आणि मी घाईघाईने बकल लावून दार बंद करायचे. म्हणजे त्या बोलल्या नसत्या तर मी कदाचित आधी मॅन्युअल उघडलं असतं.

मग एका वाढदिवसाहून निघताना नवऱ्याचा एक मित्र दार धरून उभा होता, त्याला स्वतःच्या दोन मुली. तो म्हणाला, "वहिनी, एक गंमत दाखवू? मला पण कोणीतरी दाखवली होती." आणि त्याने माझाच हात घेऊन, माझीच दोन बोटं बाळाच्या गळ्याजवळच्या हाडापाशी पट्ट्यावर ठेवायला लावली आणि म्हणाला आता पट्टा चिमटीत पकडा. पट्ट्याची घडी चिमटीत आली. मग म्हणाला ही खालची दोरी ओढा. मी ओढली, पट्टा ताणला गेला. आता पकडा. बोटं नुसती घसरली. तो एवढंच म्हणाला, "बस, असं." आणि मुलींच्या मागे निघून गेला. चूक होती असं म्हणालासुद्धा नाही, पण मला कळलं. तेव्हापासून एकदाही मी ते न बघता गाडी सुरू केलेली नाही, मुलगा आता सहा वर्षांचा आहे.

काजवा, तू तिच्या बोटांना ते कळू दे. तुझ्या तोंडून ऐकलं तर ते तुझं मत होतं, तिच्या बोटांना कळलं तर ते तिचं होतं.

जुईचा बाबा

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

मूल झाल्यापासून आम्हाला रोज कोणी ना कोणी काहीतरी सांगतं. कसं धरावं, कसं झोपवावं, किती कपडे घालावे. यातले निम्मे सल्ले एकमेकांच्या विरुद्ध असतात. सीटच्या बाबतीतच आम्हाला तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या, एकाने सांगितलं वर्ष झालं की फिरवा, एकाने सांगितलं दोन वर्षं, एकाने चार. सांगणारा प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो. मग आईबापांनी ऐकायचं कोणाचं? माझं म्हणणं एवढंच की दुसऱ्याच्या मुलाबद्दल तोंड उघडण्याआधी आपल्याला ते नक्की माहीत आहे का हे बघा. अर्धवट माहितीवर समोरच्याला अपराधी वाटायला लावणं मला पटत नाही. आणि ती आई आहे, तिला काळजी नाही असं थोडंच आहे.

ओंजळ

जुईचा बाबा, तुमचा मुद्दा मला मनापासून पटतो आणि म्हणूनच लिहायला बसलेय. मी कार सीट तपासून बसवून देण्याचं प्रशिक्षण घेतलंय, काही वर्षं स्वयंसेवक म्हणून करतेय, आणि आधी एक दुरुस्ती. मुक्ता, खांद्याच्या वरच्या खाचेचं तू लिहिलंस ते समोर तोंड असलेल्या सीटसाठी बरोबर आहे. मागे तोंड असेल तर सहसा उलटं असतं, पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत. कारण धडक झाली की मागे तोंड असलेलं मूल सीटच्या पाठीवरून वर सरकायला बघतं, पट्टा खांद्याखालून आला तर तो त्याला खाली धरून ठेवतो. समोर तोंड असेल तर मूल पुढे फेकलं जातं, तिथे पट्टा खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून हवा, नाहीतर तो खांद्याला खाली दाबतो आणि सगळा भार मणक्यावर येतो. तुला दोष देत नाहीये, ही चूक फार जण करतात, पण बघ, आपण सगळे चांगल्या मनाने सांगत असतो आणि त्यातही असं होतं. म्हणून मी सांगायला जाते तेव्हा त्या सीटचं मॅन्युअल हातात घेऊन जाते. सीटच्या कुठल्यातरी खाचेत ते खोचलेलं असतं, नसेल तर कंपनीच्या साइटवर मिळतं. मग बोलणं "मी म्हणते" असं राहत नाही, "तुझ्या सीटमध्ये काय लिहिलंय बघूया" असं होतं. क्लिपचंच घ्या, काजवाने लिहिलेली छातीवरची क्लिप काही सीटना असते आणि काहींना, विशेषतः युरोपात विकल्या जाणाऱ्या बहुतेक सीटना, नसतेच. नसलेल्या सीटला "क्लिप कुठाय" म्हणून कोणी कोणाला बोल लावू नये.

आता ते एक-दोन-चार वर्षांचं. तिघांनी सांगितलेलं हवेतून आलेलं नाही, ते वेगवेगळ्या काळातलं आणि वेगवेगळ्या ठिकाणचं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ मध्ये सांगितलं की दोन वर्षांपर्यंत तरी मागे तोंड ठेवा, आणि २०१८ मध्ये वयाची अटच काढून टाकली, म्हणाले की सीटला मागे तोंड करून जितकं वजन आणि उंची चालते तिथपर्यंत ठेवा. युरोपात आर १२९ नावाचा नियम २०१३ पासून आहे, त्याप्रमाणे बनलेल्या सीटमध्ये पंधरा महिन्यांच्या आत समोर तोंड करायचंच नाही, म्हणजे पंधरा ही कमीत कमी अट, पंधरा महिने झाले की फिरवाच असं नाही. आणि स्वीडनमध्ये चार वर्षांच्या आसपासपर्यंत मुलं मागे तोंड करूनच बसतात, तिकडे ते साधं रोजचं आहे. तिथूनच हे सुरू झालं, बर्टिल आल्डमन नावाच्या स्वीडिश डॉक्टरने १९६० च्या दशकात अंतराळवीर उड्डाणातला दाब सहन करायला पाठ टेकून कसे बसवले जातात ते बघून लहान मुलांसाठी तसंच करायचं सुचवलं.

कारण डोकं. लहान बाळाचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं आणि जड असतं, नवजात बाळाच्या उंचीचा जवळजवळ चौथा भाग डोकंच, आणि मानेची हाडं अजून पुरती जुळलेली नसतात. समोर तोंड असताना गाडी धाडकन थांबली की अंग पट्ट्यांनी धरलं जातं आणि डोकं मात्र पुढे जात राहतं, सगळा ताण मानेवर. मागे तोंड असेल तर डोकं, मान, पाठ सगळं मिळून सीटच्या पाठीत दाबलं जातं, भार पसरतो.

पाय दुमडण्याची भीती मी जवळजवळ प्रत्येक घरी ऐकते. मुलांना मांडी घालून किंवा पाय वर टेकवून बसायला काही वाटत नाही, तशी तर ती जमिनीवरही तासन् तास बसतात. मागे तोंड असताना पायाला इजा होणं क्वचितच दिसतं, आणि पायाची इजा भरून येते, मानेची तशी येत नाही.

पण काजवा, तुझ्या प्रश्नाला उत्तर म्हणून, सुरुवात पट्ट्यांपासूनच कर, तिथे मुक्ता अगदी बरोबर आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आपटणं म्हणजे साधारण १० मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून, खाली पडण्यासारखं. पट्टा सैल असेल तर गाडी थांबायला लागली तरी मूल आधीच्याच वेगाने पुढे जात राहतं आणि मग ताडकन पट्ट्यात अडकतं. मुठीएवढी ढिलाई असेल तर मूल वरून निसटूही शकतं. जाड जॅकेटचं तेच, ते आपल्याला घट्ट वाटतं पण धडकेत त्यातली हवा चेपते आणि तेवढी ढिलाई तयार होते. तिला हे ऐकवू नकोस, करून दाखव. जॅकेटसकट बांधा, मग पट्टे न हलवता बकल काढा, जॅकेट काढा, परत बांधा. पट्टे किती लोंबतात ते तिचं तिलाच दिसेल. थंडी असेल तर पट्टे बांधून झाल्यावर जॅकेट वरून उलटं घालायचं किंवा पांघरूण टाकायचं.

एक गोष्ट मात्र अशी आहे की तिथे मी शब्द निवडत बसत नाही. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना मागे तोंड असलेली कार सीट. ती दिसली तर अनोळखी असले तरी मी थांबवते, कारण एअरबॅग फुटली की ती सरळ बाळाच्या डोक्यामागच्या भागावर आपटते. तिथे समोरच्याला वाईट वाटेल का हा विचार नंतर.

मुक्ता९

ओंजळताई, थँक्यू, मला हे खरंच माहीत नव्हतं. आत्ता जाऊन आमची बघून आले, धाकट्याची मागे तोंड करून आहे आणि पट्टे एक खाच वर होते. खाली घेतले. आणि आता परत जाऊबाईंना फोन करायचा आहे, कारण त्यांना मीच वर करायला लावले होते. त्यांचा मुलगा तेव्हा नऊ महिन्यांचा होता. लगेच करते.

अरुंधतीआजी

मी आजी आहे, मुलगा-सून दोघं कामावर जातात तेव्हा नातवाला मीच ने-आण करते. आमच्या पिढीला सांगणं जास्त अवघड आहे हे मला माहीत आहे, कारण आम्ही तुम्हा सगळ्यांना मांडीवर घेऊनच वाढवलं आणि तुम्ही सुखरूप राहिलात, मग ते चुकीचं होतं असं कोणी म्हटलं की आत कुठेतरी लागतं. मी सुनेला म्हणाले होते, अगं मी घट्ट धरेन त्याला, माझ्या हातातून कसा सुटेल.

ती वाद घालत बसली नाही. म्हणाली, "आई, तो दहा किलोचा आहे. गाडी पन्नासच्या वेगाने आपटून एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर तो तुमच्या हातात एकशेचाळीस किलोचा होईल. तेवढं मलाही धरता येणार नाही, यांनाही नाही." मी शाळेत गणित शिकवायचे, मी कागदावर मांडून बघितलं, बरोबर निघालं. मग काय बोलणार. मला तिने माझ्या प्रेमात कमी आहे असं एकदाही जाणवू दिलं नाही, आकडा समोर ठेवला आणि तो आकडा माझ्याही प्रेमापेक्षा मोठा होता.

नंतर तिने मला चार वेळा माझ्याकडून बकल लावून घेतलं. बोटात जोर कमी पडतो आता, ते लाल बटण दाबायला त्रास होतो, पण अंगठ्याच्या मुळाने दाबलं की जमतं, हेही तिनेच शोधून काढलं.

राही

अजून एक बाजू राहिली. आपलं मूल जेव्हा दुसऱ्याच्या गाडीत बसतं तेव्हा काय. माझी लेक आता सात वर्षांची, वर्गातल्या मुलांना आळीपाळीने सोडायचं ठरवलंय आम्ही चार घरांनी. पहिल्याच आठवड्यात कळलं की एका घरी बूस्टर, म्हणजे गाडीचा पट्टा नीट बसावा म्हणून मोठ्या मुलांना उंच बसवणारी सीट, वापरत नाहीत, नुसता गाडीचा पट्टा, आणि तो मुलांना मानेवर घासतो म्हणून मुलं तो काखेखालून घेतात.

इथे मी मऊ बोलले नाही आणि बोलायला हवं होतं असंही मला वाटत नाही. फोन करून म्हटलं, "माझी लेक बूस्टरशिवाय बसणार नाही, तिचा बूस्टर मी रोज बरोबर पाठवते, तुम्हाला चालणार असेल तर छान, नाहीतर तुमच्या दिवशी मी सोडते." एवढंच. त्यांची मुलं कशी बसतात यावर मी एक शब्द बोलले नाही. पट्टा कमरेला मांड्यांच्या सांध्याजवळ आणि वर खांद्याच्या मधोमध यायला हवा, तो पोटावर आला तर धडकेत पोटातल्या अवयवांना इजा होते, हे मी माझ्या लेकीला सांगितलंय, तिने पट्टा कुठे हवा ते बोटाने दाखवता यायला हवं असं मी बघते. दोन आठवड्यांनी त्या घरातल्या मुलाने स्वतःच आईकडे बूस्टर मागितला, कारण माझ्या लेकीला त्यावरून खिडकीबाहेरचं दिसायचं आणि त्याला दिसत नव्हतं.

साधारण १४५ सेंटीमीटर उंची होईपर्यंत बूस्टर लागतो, काही ठिकाणी कायदा १३५ म्हणतो, काही ठिकाणी १५०. वयापेक्षा पट्टा कुठे येतोय ते बघा.

जुईचा बाबा

ओंजळताई, सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार. एक-दोन-चारचा गुंता मला पहिल्यांदाच कोणी सोडवून सांगितला, एवढं कोणी सांगितलं असतं तर आम्ही भांडलोही नसतो घरी.

माझं मत अजूनही हेच आहे की अनोळखी माणसाला रस्त्यात सांगू नये, एअरबॅगचं सोडून. पण मित्रमैत्रिणींचं वेगळं, ते मान्य. एक विचारायचं होतं, सीट स्वतः गाडीला नीट बसलीय का हे कसं बघायचं? आमची मी हलवली तर हलते, किती हललेली चालते?

ओंजळ

जिथून गाडीचा पट्टा किंवा आयसोफिक्सची (गाडीतल्या पक्क्या कड्यांना सीट अडकवायची) जोडणी सीटमधून जाते ना, बरोबर तिथे एका हाताने धरा आणि डावी-उजवीकडे, पुढे-मागे हलवा, साधारण आपण कोणाचा हात हातात घेऊन हलवतो तेवढ्याच जोराने. अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी हलली तर ठीक. सीटच्या वरच्या टोकाला धरून हलवू नका, मागे तोंड असलेली सीट तिथे हलतेच, आणि मग लोक उगाच घाबरून काहीतरी अजून कोंबतात. समोर तोंड असेल आणि सीटला मागे वरून एक लांब पट्टा दिलेला असेल तर तो गाडीच्या हुकाला लावलाय का तेही बघा, तो लावायचा फार जण विसरतात, आणि त्याने डोकं पुढे जाणं बरंच कमी होतं.

काजवा

सगळ्यांचे किती आभार मानू. काल बोलले तिच्याशी, म्हणून सांगायला आलेय.

मनात सगळं ठरवून गेले होते, शांतपाणींनी लिहिलं तसं बोटांनी दाखवायचं, मॅन्युअल काढायचं. तिच्या घरी गेले, गाडीपाशी जायच्या आधीच माझा चेहरा बघून ती म्हणाली काय झालंय, आणि मग मला ती ठरवलेली वाक्यं काही आठवेनात. सरळ म्हटलं, "अगं तिचे पट्टे सैल असतात, मला त्या दिवशीपासून भीती वाटतेय, तुझ्याबरोबर एकदा बघू का?"

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या दिवशीपासून म्हणजे? आठ दिवस झाले त्याला." मी हो म्हटलं. म्हणाली, "आठ दिवस मी तिला रोज तशीच घेऊन फिरतेय आणि तू मला फोन नाही केलास?"

याचा मी विचारच केला नव्हता हो. मला वाटत होतं सांगितलं तर ती दुखावेल, आणि ती दुखावली न सांगितल्याने. माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी फक्त चुकलं म्हटलं. त्या दुसऱ्या आईचा किस्साही सांगितला, मी का घाबरले होते ते. तिने ऐकून घेतलं, पण लगेच हसून वगैरे मोकळी झाली नाही.

मग खाली गेलो. जॅकेटची गोष्ट करून बघितली, पट्टे एवढे लोंबले की तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला. चिमटीची गंमतही केली, आता पट्टे घट्ट आहेत, आणि ती मला म्हणाली की दोरी ओढायची असते हेच तिला कोणी दाखवलं नव्हतं, तिला वाटायचं ते लांबी ठरवून एकदाच लावायचं असतं. मॅन्युअल सीटच्या खालीच होतं, प्लास्टिकसुद्धा न फाडलेलं. त्यात मागे तोंड करून अठरा किलोपर्यंत चालतं असं लिहिलंय आणि मुलगी साडेनऊ किलोची आहे. तिच्या नवऱ्याला अजून पटलेलं नाही, त्याला मुलगी मागे वळून दिसायला हवी असते गाडी चालवताना. तिने त्याला सांगितलंय की एक आठवडा करून बघू. आज सकाळी फोटो आला, मागे तोंड, पाय सीटच्या पाठीवर टेकवून मजेत बसलीय, फोटोखाली तिने काही लिहिलं नव्हतं.

ओंजळताई, एकच प्रश्न. सीट तिच्या चुलत बहिणीकडून आलेली आहे आणि खालच्या स्टिकरवरची तारीख पुसट झालीय, शेवटचे दोन आकडे दिसत नाहीत. बहीण म्हणते अपघात झालेला नाही. चालेल का?

ओंजळ

बहीण विश्वासाची असेल तर अपघाताचं एवढं पुरे. तारखेसाठी सीट उलटी करून प्लास्टिकमध्येच कोरलेला छोटा गोल बघा, घड्याळासारखा, मधे वर्षाचे आकडे आणि कडेने महिन्याचे, बाण ज्या महिन्याकडे असतो तो. ते त्या प्लास्टिकच्या तुकड्याचं असतं, पण अंदाज येतो. बहुतेक सीटचं आयुष्य बनवल्यापासून सहा ते दहा वर्षं धरतात, नेमकं किती ते मॅन्युअलमध्ये असेल. गोल सापडला नाही तर स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर कंपनीला कळवा, ते वर्ष सांगतात.

काजवा

सापडला. बकलच्या मागच्या बाजूला होता, तिनेच शोधला. चार वर्षांपूर्वीचा आहे, आणि मॅन्युअलमध्ये सात लिहिलीयत.